राखेचा राजा, आवाज माझा

४ मार्च, मंगळवार

परवा ‘शेवटचा बुरूज’ येतोय. जगभर एकाच दिवशी.

गुप्ततेच्या करारावर सही केलेली असल्यामुळे मला याबद्दल कोणाशीही बोलता येत नाही. म्हणून इथे लिहितो. (बायको, भिंगरी, बायकोची आई, दुकानातल्या पॅकिंगवाल्या बाई आणि माझे केस कापणारा यांना सांगितलंय. पण ते कोणाला सांगणार नाहीत.)

सात वर्षं हा गेम बनत होता म्हणे. बसवर, बसस्टॉपवर, दुधाच्या पिशवीवरसुद्धा जाहिरात आहे. काळ्या झग्यातला एक उंच माणूस, पाठमोरा, समोर जळून गेलेलं शहर. हा राखेचा राजा. त्याचा चेहरा अजून कोणी पाहिलेला नाही. खाली लिहिलंय, ‘त्याचा आवाज तुम्ही विसरणार नाही.’

आपल्या भाषेतला तो आवाज माझा आहे.

तसं मला कोणी सांगितलेलं नाही. गेमच्या रेकॉर्डिंगला सांगतच नाहीत. काचेच्या खोलीत उभं करतात, वाक्यं सुटी सुटी करून देतात, वर नाव असतं ‘पुरुष ४’. कोणाला बोलतोय, का बोलतोय, काही पत्ता नाही. काचेपलीकडून डिरेक्टरबाई सांगतात, आता जरा संशयाने, आता जरा दमून. पण माणसाला स्वतःची भूमिका आतून कळते. माझी वाक्यं होती: ‘कोण आहे तिकडे?’ ‘वारा असेल.’ ‘आजची रात्र काही सरत नाही.’ ‘संपला एकदाचा!’ हा एकाकी माणूस आहे. ज्याच्याजवळ सगळं आहे आणि कोणीच नाही, तोच असा वाऱ्याशी बोलतो. ‘वारा असेल’ मी इतकं खिन्न म्हटलं की काचेपलीकडे बाईंनी डोळे पुसले. (त्यांना सर्दी होती असं त्या नंतर म्हणाल्या.)

आणि मरण. बाण लागून, उंचावरून पडून, पाण्यात, आगीत, पाठीमागून वार होऊन. एक अख्खी दुपार मी नुसता मरत होतो. साध्यासुध्या पात्राला एकदाच मरायला मिळतं. एवढ्या प्रकारे मरणारा म्हणजे मुख्य माणूसच.

रविवारी चार वाजता भिंगरीच्या वर्गातली मुलं येणार आहेत. माझ्या मुलीला एका जागी बसवत नाही म्हणून ती भिंगरी. वय अकरा. तर झालं असं, की वर्गाच्या मॉनिटरने, म्हणजे त्या दोन वेण्यांवाल्या मुलीने, सगळ्यांसमोर म्हटलं, भिंगरीचे बाबा दुकानात माइकवरून गाड्या हलवायला सांगतात. भिंगरीने ताडकन सांगितलं, माझे बाबा राखेचा राजा आहेत. मॉनिटर म्हणाली, दाखव मग.

दाखवू की. रविवारी. मी शब्द दिलाय.

५ मार्च, बुधवार

निश्चय: प्रसिद्धी डोक्यात जाऊ द्यायची नाही. दुकानात नेहमीसारखंच वागायचं.

तरी आवाज तर आतूनच येतो, त्याला काय करणार. सकाळी पहिलीच सूचना होती, राखाडी गाडीच्या मालकांनी गाडी मालाच्या दारासमोरून हलवावी. मी ती राजाच्या गळ्यातून दिली. चारही मजले गप्प झाले. गाडीवाला धावत आला, त्याच्यामागून आणखी तिघं आले, ज्यांच्या गाड्या बरोबर जागी होत्या. मॅनेजरने बोलावून सांगितलं, त्यांना गाडी हलवायला सांगायचीय, देश सोडायला नाही.

पॅकिंगवाल्या बाई माझ्या शेजारच्या काउंटरवर भेटवस्तू बांधतात. त्यांनी विचारलं, राजा झाल्यावर इथेच बसणार का? मी नुसतं हसलो. त्या म्हणाल्या, नाही, तुमची खुर्ची चांगली आहे, म्हणून विचारलं.

संध्याकाळी भिंगरीने तिसऱ्यांदा विचारलं, नक्की ना बाबा? मी म्हटलं, नक्की. ती खुर्चीवरून उठून दोनदा गोल फिरली आणि परत बसली. ती फार काळजीत असली की असं करते.

६ मार्च, गुरुवार

आला! दुकानातून अर्धी रजा घेतली. डाउनलोड व्हायला अख्खी दुपार गेली. हिरवी पट्टी पुढे सरकते आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिच्यावर पेन्सिलची खूण केली. ती खूण टीव्हीवरून निघत नाहीये.

रात्रीच्या जेवणाआधी गेम उघडला. सोफ्यावर मी मधे, एकीकडे भिंगरी, दुसरीकडे बायको. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे तिला पडद्यावरचं सगळं आमच्याआधी दिसतं.

उघडला तो इंग्रजीत. आपल्या भाषेचा आवाज ‘लवकरच’ येणार, अशी चिठ्ठी पडद्यावर. ‘लवकरच’ म्हणजे कधी, ते नाही.

बाकी गेम भव्य आहे. काही किरकोळ गोष्टी आहेत. आपण ज्या मुलीला चालवतो, तिचं नाव सावली. ती किल्ल्यात चोरून शिरते. तिचे पाय घोट्यापर्यंत जमिनीत जातात. पाऊस बाहेर पडतो त्यापेक्षा घरात जास्त पडतो. राजाचा घोडा अर्धा भिंतीत आहे आणि तिथून शांतपणे बघत असतो. बायको म्हणाली, सात वर्षं हेच करत होते का? मी म्हटलं, ही शैली आहे. ती म्हणाली, घोड्याला विचार.

 भिंगरी म्हणाली, रविवारपर्यंत येईल ना आवाज?

येणारच. मी निवांत आहे. हात घामेजलेत ते कंट्रोलर प्लास्टिकचा आहे म्हणून.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी

आला नाही.

दात घासताना पाहिलं, नाही. चहा झाल्यावर पाहिलं, नाही. ही म्हणाली, दूध उतू जायची वाट बघितली की ते जात नाही, तसं आहे ते. मी म्हटलं, मग बघत नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि तिथून काचेत टीव्हीचं प्रतिबिंब बघितलं.

नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आला. भिंगरी पोहायला गेली होती. बायको यायची होती. घरात मी एकटा. बरंच झालं.

 पडदे लावले. आवाज वाढवला. सावलीला घेऊन किल्ल्याच्या पहिल्या दारापाशी गेलो. तिथे एक पहारेकरी उभा होता. जाड मिशा, हातात भाला, पोट जरा सुटलेलं. माझा पाय एका मडक्याला लागला. म्हणजे सावलीचा.

पहारेकरी वळला आणि माझ्या आवाजात म्हणाला, कोण आहे तिकडे?

मी कंट्रोलर खाली ठेवला. पाणी प्यायलो. विचार केला.

उलगडा झाला. राजा वेषांतर करून स्वतःच्या दारावर उभा आहे! केवढी कल्पना! प्रजेवर विश्वास नाही म्हणून रात्री स्वतः पहारा देतो. लेखकांना मानलं पाहिजे.

पुढे गेलो. भिंतीच्या वळणावर दुसरा पहारेकरी. हा काटकुळा, बिनमिशांचा. तो माझ्या आवाजात म्हणाला, आजची रात्र काही सरत नाही.

राजाला जुळा भाऊ असणार. गादीचा वाद. याचा अंदाज मला यायला हवा होता.

मग विहिरीपाशी दोघं होते. एक म्हणाला, कोण आहे तिकडे? दुसरा म्हणाला, वारा असेल. दोघंही मीच. बोलून झाल्यावर दोघं एकमेकांच्या अंगातून आरपार चालत गेले.

इथे मला थोडं बसावं लागलं.

बायको आली तेव्हा मी तटबंदीवर होतो आणि खालून पाचसहा जण माझ्या आवाजात मला शोधत होते. ती पर्स न काढताच उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, अगोबाई, हे सगळे तूच? मी तिला वेषांतराबद्दल सांगितलं. तिने विचारलं, सहा वेषांत एकाच वेळी? मी म्हटलं, गोष्ट पुढे उलगडते. ती म्हणाली, हं, आणि भाजी चिरायला घेतली. तिच्या ‘हं’मध्ये पुष्कळ काही असतं. मी त्यात शिरलो नाही.

जिन्यात भिंगरीची पावलं वाजली. मी टीव्ही बंद केला. तिने ओल्या केसांनीच विचारलं, आला का आवाज? मी म्हटलं, रविवारी एकदम ऐकायचा. मजा जाते नाहीतर.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. टीव्ही अजून गरम होता.

८ मार्च, शनिवार, सकाळी

ठरवलं: काहीही करून आज राजाच्या दालनापर्यंत पोचायचं. राजा बोलला की सगळा संशय फिटेल. पहारेकरी म्हणजे त्यांनी उरलेल्या कामाला माझाच आवाज वापरला असणार. चांगला आवाज कोणाला पुरत नाही!

पोचणं सोपं नाही. मी खेळाडू म्हणून नवीन आहे, आणि सावलीला उजवीकडे वळवलं की ती विचार करून वळते. पहिल्याच दारावर मिशाळ पहारेकऱ्याने मला भाल्याने मारलं आणि वर म्हणाला, संपला एकदाचा! (सावली मुलगी आहे, हे रेकॉर्डिंगला कोणी सांगितलं नव्हतं.) केवढं मनापासून म्हटलंय ते. मला आठवतं, बाईंनी ते तीनदा करून घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, जरा जास्त आनंद होऊ दे.

मग काटकुळ्याने मारलं. मग विहिरीवरच्यांनी. प्रत्येक जण म्हणाला, संपला एकदाचा. स्वतःकडून इतक्या वेळा हे ऐकायची सवय नसते माणसाला.

माझी बाजू अशी होती, की मी त्यांना मारू शकत नव्हतो. तत्त्व म्हणून नाही. मला बटण सापडत नव्हतं.

शनिवार, दुपारी. दुकानातून

आनंदाची बातमी! जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर शोधलं. आपल्या भाषेत खेळणारे लोक चिडलेत. राजा दालनात येतो, झगा सरसावतो, तोंड हलवतो आणि आवाजच नाही! पूर्ण प्रवेश मुका. एकाने लिहिलंय, सात वर्षं वाट पाहिली ती हा मासा बघायला का?

म्हणजे चूक त्यांची आहे. माझा आवाज तिथे असायला हवा होता आणि नेमका तिथलाच गळालाय.

लगेच डिरेक्टरबाईंना फोन लावला. करारात फोन करू नका असं कुठे लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, पुरुष ४ ना? छान झालंय तुमचं, पहारेकरी अगदी खरे वाटतात. मी विचारलं, आणि राजा? त्या म्हणाल्या, कोणता राजा? मी म्हटलं, राखेचा.  त्यांनी हळू सांगितलं, की मी पहारेकरी आहे. फक्त पहारेकरी. किल्ल्यातले सगळे. वेगवेगळ्या माणसांना बोलवायला वेळ नव्हता, म्हणून माझ्याकडूनच सगळं करून घेतलं. आणि राजाचं रेकॉर्डिंग आपल्या भाषेत अजून झालेलंच नाही, राहून गेलंय.

पाठीमागे कोणीतरी विचारत होतं की बिलिंग काउंटरवर राहिलेली पिशवी कोणाची आहे. मला सूचना द्यायची होती. दिली. साध्या आवाजात दिली. पॅकिंगवाल्या बाईंनी कागद कापता कापता मान वर केली आणि विचारलं, बरं नाही का वाटत?

दोन मजले चढून उतरल्यावर डोकं चालायला लागलं.

राजाचं रेकॉर्डिंग झालेलं नाही. म्हणजे राजाला आवाज नाही. म्हणजे जागा रिकामी आहे!

शनिवार, संध्याकाळी

योजना तयार आहे. इतकी सोपी आहे, की कोणाला आधी कशी सुचली नाही याचं नवल वाटतं.

टीव्हीचा स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे. उद्या मुलं खेळतील. त्यांच्यात मॉनिटर असल्या गेममध्ये पटाईत आहे, ती तासाभरात दालनात पोचेल. राजा येईल. तोंड हलवेल. आणि दाराच्या फटीतून, त्याच क्षणी, मी बोलेन. मुलांना वाटेल गेममधूनच येतंय. पॅकिंगवाल्या बाईंकडून चकचकीत कागदाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी आणलीय. तिच्यातून बोललं की आवाज दगडी दालनातून आल्यासारखा येतो. बाईंना ही कशाला हवीय ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. असे लोक कमी असतात.

राजाच्या ओठांची हालचाल इंटरनेटवर पाहून आठ ओळी लिहिल्या. सुरुवात अशी: ‘राखेतून आलो मी, राखेवर राज्य माझं.’ बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, ओटा पुसायच्या आधी म्हटलं असतंस तर जास्त शोभलं असतं. मग तिने विचारलं, तिला खरं सांगून का टाकत नाहीस? मी म्हटलं, खरं काय ते उद्या चार वाजता ठरणार आहे. ती म्हणाली, ती तुझी मुलगी आहे, ग्राहक नाही.

यावर मी नळीतून ‘शांत हो, प्रजे’ असं म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

भिंगरी आत येऊन दाराला टेकून उभी राहिली. फिरली नाही, नुसती उभी राहिली. म्हणाली, बाबा, तू किती जणांचा आवाज दिलायस? मी म्हटलं, एकाचाच. कोणाचा ते तुला माहितीय. ती नखाने दाराचा रंग खरवडत राहिली. मग म्हणाली, उद्या नको बोलवू या का त्यांना? माझं पोट दुखतंय असं सांगते.

मी तिला जवळ घेऊन सांगितलं, अजिबात घाबरायचं नाही. राजाच्या मुलीचं पोट दुखत नाही.

ती बरं म्हणाली. नंतर पाहिलं तर कंट्रोलर सोफ्यावर होता. मी तो कपाटात ठेवल्याचं मला पक्कं आठवतंय. वय होतंय माझं.

९ मार्च, रविवार, सकाळी

तालीम उत्तम झाली. घसा थोडा खवखवतोय. मीठ-पाण्याने गुळण्या केल्या. शेजाऱ्यांनी बायकोला विचारलं, कोणाला उलट्या होतायत का?

रविवार, चार वाजल्यानंतर. स्वयंपाकघरातून

आले. पाच जण. बुटांचा ढीग. बायको त्यांना केक देतेय. मी ‘बाहेर गेलोय’ असं सांगायचं ठरलं आहे. दार बोटभर उघडं. नळी तयार. फटीतून पडदा अर्धाच दिसतो. सावलीचा डावा भाग दिसतोय.

मॉनिटरचा आवाज खणखणीत आहे. पुढे मोठी वकील होईल. तिने विचारलं, बाबा कुठायत तुझे? भिंगरी म्हणाली, येतील.

पहिलं दार. कोण आहे तिकडे?

 मग कोणीतरी फिसकन हसलं. मॉनिटर म्हणाली, हाच आवाज! दुकानातला! माझ्या मम्मीची गाडी याच आवाजाने हलवली. म्हणजे तुझे बाबा राजा नाहीत, वॉचमन आहेत.

माझा हात नळीवर घट्ट. थांब बाई जरा. दालन येऊ दे.

दुसरा पहारेकरी. ओरडा झाला, अरे, हा पण तोच! तिसरा. आता सोफ्याच्या स्प्रिंगा वाजतायत, उड्या मारतायत बहुतेक. सगळेच तुझे बाबा!  भिंगरीचं काहीच ऐकू येत नाहीये.

मॉनिटर म्हणाली, दे इकडे, मी दाखवते कसं करायचं.

सपकन आवाज. आणि मग मी. पाठीमागून वार, श्वास आत ओढून, गुडघे टेकत. मला ते रेकॉर्डिंग आठवतं, त्या दिवशी डबा खाल्ला नव्हता. फारच खरं झालंय. इतकं खरं, की सोफ्यावरच्या उड्या थांबल्या.

मग भिंगरी बोलली. ओरडली नाही. म्हणाली, आमच्या घरात नाही मारायचं.

मॉनिटर म्हणाली, अगं गेम आहे. मारल्याशिवाय पुढे कसं जाणार?

भिंगरी म्हणाली, मी जाते. दे.

हे काय चाललंय? मारल्याशिवाय दालन येणार कसं?

जरा वेळाने

काहीच होत नाहीये. फटीतून दिसतं ते असं: सावली भिंतीला चिकटून उभी आहे. पहारेकरी या टोकाला जातो, त्या टोकाला जातो. त्याने पाठ केली की ती दोन पावलं सरकते. परत थांबते. भिंगरी, जिला जेवतानासुद्धा स्वस्थ बसवत नाही ती, गालिच्यावर मांडी घालून दगडासारखी बसलीय.

कोणीतरी म्हणालं, मार ना गं! कोणीतरी म्हणालं, केक आहे का अजून? मॉनिटर सांगतेय, बाण आहे तुझ्याकडे, एका बाणात काम होईल. भिंगरी नको म्हणाली.

तांत्रिकदृष्ट्या ती साफ चुकतेय. या वेगाने दालन उजाडेपर्यंत येणार नाही.

बायको पाणी घ्यायला आत आली. मला नळीसकट वाकलेला पाहिलं.  कोपऱ्यातलं स्टूल माझ्यामागे सरकवलं आणि गेली.

अजून विहीरच.

बूट घालताहेत असं वाटतंय. मॉनिटरने आईला फोन करून लवकर बोलावलं. कंटाळा आला म्हणाली, ही कोणाला मारतच नाही. दारातून म्हणाली, तुझे बाबा मरतात मात्र मस्त.

दार लागलं. नळीत माझा श्वास मलाच ऐकू येतोय.

रविवार, संध्याकाळी

बाहेर आलो. खोलीभर केकचे कण. भिंगरी तिथेच होती, पडद्यापुढे. मी आल्याचं तिला कळलं, कारण ती थोडी बाजूला सरकली. मी गालिच्यावर बसलो. तिने मी कुठे होतो ते विचारलं नाही. नळीकडे एकदा पाहिलं.

मी स्पष्ट करून सांगायला सुरुवात केली, की राजाचा प्रवेश तांत्रिक कारणाने राहिलाय, त्या ठिकाणी जागा रिकामी आहे, कंपनीशी बोलणी सुरू आहेत. ती म्हणाली, बाबा, हळू बोल, तो बघेल. मी बोलणं थांबवलं. काटकुळा आमच्याकडे तोंड करून उभा होता. मग वळला. ती दोन पावलं पुढे सरकली.

तेव्हा मला कळलं, की ती सकाळपासून नाही, कालपासून खेळतेय. कुठला पहारेकरी कुठे वळतो ते तिला पाठ होतं. मिशाळाला ती ढेरीकाका म्हणत होती. विहिरीवरच्यांपैकी एकाला गुडघेदुखी आहे असं तिचं म्हणणं होतं, कारण तो जिना चढताना कण्हतो. ते कण्हणं मी दिलेलं आहे. कशासाठी देतोय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी तिला नीट समजावलं, की हे मेले तरी गेम पुन्हा सुरू केला की उठून उभे राहतात. यांना काही होत नाही. ती म्हणाली, माहितीये. पण आधी ओरडतोस ना तू.

मी गालिच्यावरचे केकचे कण वेचायला लागलो. 

बायको येऊन मागे सोफ्यावर बसली.  आम्ही तटबंदीपर्यंत गेलो. पडदा एकदा गोठला, सावली एकदा जमिनीतून खाली पडून परत वर आली, पाऊस छताखाली पडत राहिला. ढेरीकाका खालून चालला होता. इकडून तिकडे. तिकडून इकडे. आजची रात्र काही सरत नाही, म्हणाला. चांगलं म्हटलंय. थोडं कमी खिन्न चाललं असतं.

दालन अजून पुष्कळ लांब होतं. आठ ओळी खिशात होत्या. घसा तसाही बसलाय, उद्या दुकानात सकाळची पाळी.

भिंगरीने विचारलं, बाबा, यांची ड्यूटी कधी संपते?

मी म्हटलं, गेममध्ये संपत नाही. गेम चालू आहे तोवर ते चालतच राहणार.

तिने कंट्रोलर गालिच्यावर ठेवला. मग म्हणाली, आपण बंद करू या का?

बंद केला.